आपली जागा
(ज्युबिलीच्या फुटबॉल सामन्यानंतर बक्षीस-समारंभांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)

प्रिय बंधु-भगिनींनो, आणि गुडघे खरचटून घेऊन पुढल्या सतरंजीवर बसलेल्या आमच्या मुलांनो,

या समारंभांत चार शब्द बोलावेत अशी ज्युबिली कमिटीची आज्ञा झाली. आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाविषयीं बोलण्यास आमच्याहून वडील मंडळी समर्थ आहेत, व तीं उद्यां बोलणारच आहेत. आमच्या मनांत मात्र काल सायंकाळचा सामनाच घोळत आहे. तेव्हां त्याविषयींच बोलण्याची परवानगी असावी.

सामन्यापूर्वीं संघ मांडण्याचें काम आम्हांकडे होतें. 'कोण कोठें खेळणार?' असें आम्हीं विचारतांच अकरांपैकीं आठ मुलांनीं एकदम 'फॉरवर्ड!' म्हणून हात वर केले. 'बॅकला कोण?' म्हणून विचारलें, तेव्हां दोन हात अर्धवट वर आले. 'आणि गोलमध्यें?' या प्रश्नावर सर्वत्र शांतता पसरली. जो तो आपल्या पायांच्या अंगठ्याकडे पाहूं लागला. शेवटीं वयानें सर्वांत लहान व बोलण्यास सर्वांत भिडस्त अशा एका मुलास इतरांनीं पुढें ढकललें. संपूर्ण सामना त्यानें गोल राखला, चार चेंडू उत्तम अडविले, आणि अखेरच्या पांच मिनिटांत एक चेंडू त्याच्या हाताखालून आंत गेला. संघ हरला. गोलच्या मागें उभ्या असलेल्या मंडळींपैकीं कोणी मोठ्यानें म्हणाले, 'यानेंच घालविलें!' तें त्या मुलानें ऐकलें. तो मैदानावरून कोणाशीं न बोलतां घरीं गेला.

म्हणून आज आम्ही एवढेंच सांगणार आहों कीं, फुटबॉलमध्यें प्रत्येक गड्याची जागा कोणती, तिचें काम काय आणि तिची जबाबदारी काय. हें नीट समजलें म्हणजे गोल कोणामुळें होतो व कोणामुळें वांचतो हेंही समजेल.

हा खेळ आपल्या लोकांस नवा नाहीं. गोव्यांत तो इ. स. १८८३ मध्यें शिवोली येथें फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनीं आणिला असें मानितात. मुंबईंत इ. स. १८९१ पासून रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले, व ते एका शतकाहून अधिक काळ चालून बंद पडले. गोव्याहून पोटासाठीं मुंबईस आलेल्या आपल्या बांधवांनीं या खेळांत मोठें नांव मिळविलें, तें पुढें सांगूंच.

प्रथम मांडणीची ओळख करून घेऊं. आपल्या आट्यापाट्यांच्या खेळांत प्रत्येक गडी आपली पाटी धरून उभा असतो. शेजारच्या पाटीवर कितीही गडबड झाली तरी तो आपली पाटी सोडून धांवत नाहीं. सोडली तर तेथूनच वाट मिळते. फुटबॉलमध्यें जमिनीवर अशा पाट्या आंखलेल्या नसतात, त्या मनांत आंखाव्या लागतात. जुन्या काळीं अकरा गडी असे उभे राहात: एक गोलकीपर, त्याच्या पुढें दोन बॅक, त्यांच्या पुढें तीन हाफ, आणि सर्वांपुढें पांच फॉरवर्ड. पाठीवरील आंकडेही याच क्रमानें पडले. एक आंकडा गोलकीपरचा, दोन व तीन बॅकचे, चार, पांच, सहा हाफचे, आणि सात ते अकरा फॉरवर्डचे. आज मांडणी पुष्कळ बदलली आहे. मागें चार, मध्यें चार व पुढें दोन, किंवा मागें चार, मध्यें तीन व पुढें तीन, असे गडी उभे करितात. तरीही नऊ आंकडा म्हटला कीं मधला फॉरवर्ड, व एक म्हटला कीं गोलकीपर, हें अद्यापि कायम आहे.

आतां एकेक जागा घेऊं, आणि आरंभ मागून करूं.

गोलकीपर ज्या चौकटींत उभा असतो ती चोवीस फूट रुंद व आठ फूट उंच असते. एवढी मोठी चौकट एका माणसानें उभ्या जागीं झांकणें अशक्य आहे. म्हणून चांगला गोलकीपर रेषेवर चिकटून राहात नाहीं. शत्रूचा गडी एकटा चाल करून आला कीं तो पुढें सरकतो. दिव्यापुढें हात जितका दिव्याजवळ न्यावा तितकी सावली मोठी पडते, तसा तो चेंडूच्या जितका जवळ जाईल तितकी गोलची वाट अरुंद होते. त्याचें दुसरें काम आवाज देण्याचें. सर्व मैदान समोरून दिसतें तें त्या एकट्यास. इतरांची पाठ त्याकडे असते. 'डावीकडे पाहा', 'मागें माणूस आहे', 'चेंडू माझा' हे शब्द त्यानें ओरडून सांगितलेच पाहिजेत. मुका गोलकीपर अर्धाच गोलकीपर होय. इ. स. १९१२ पूर्वीं त्यास आपल्या अर्ध्या मैदानांत कोठेंही चेंडू हातांत घेतां येई. त्या वर्षापासून ती मुभा गोलपुढील पेनल्टीच्या चौकोनापुरतीच राहिली. इ. स. १९९२ पासून आपल्याच गड्यानें मुद्दाम पायानें मागें दिलेला चेंडूही त्यास हातीं घेतां येत नाहीं. म्हणजे आजच्या गोलकीपरला पायांचा खेळही आलाच पाहिजे. परमगुरु संत दुसरे जॉन पॉल हे पोलंडमधील आपल्या वाडोवित्से गांवीं लहानपणीं गोल राखीत असत, हें कालच्या आमच्या छोट्या गड्यानें ध्यानांत ठेवावें.

या जागेची खरी जोखीम अशी कीं, इतर दहांची चूक झांकणारा कोणीतरी मागें असतो. गोलकीपरच्या मागें केवळ जाळें असतें. इ. स. १९५० च्या जुलै महिन्यांत ब्राझील देशांत रिओ शहरीं विश्वचषकाचा अखेरचा सामना झाला. ब्राझीलला बरोबरीही पुरली असती. उरुग्वेनें दोन विरुद्ध एक असा तो जिंकिला. दुसरा गोल गिज्जा नांवाच्या बगलेच्या फॉरवर्डनें केला, आणि तो ज्याच्या जवळून गेला त्या गोलकीपर बार्बोसावर सर्व देशानें दोष ठेविला. इ. स. २००० मध्यें तो वारला, तोंपर्यंत पन्नास वर्षें तो दोष त्याच्या मागें राहिला. आतां पाहा, त्याच सामन्यांतील उरुग्वेचा पहिला गोलही त्याच बगलेनें आला होता. गिज्जानें तेथील रक्षकास मागें टाकून मध्यें चेंडू दिला व दुसऱ्यानें तो आंत मारिला. दुसऱ्या वेळीं पुन्हां तोच गडी त्याच वाटेनें निसटला. या खेपेसही तो चेंडू मध्येंच देईल अशा अटकळीनें बार्बोसा किंचित् पुढें सरकला, आणि त्यानें सरळ गोलांत मारिला. एकदां उघडी पडलेली वाट दुसऱ्यांदा उघडी कां राहिली, हा प्रश्न दहाजणांस विचारावयाचा होता. तो एकालाच विचारला गेला.

आतां बॅक. चेंडू आणि आपला गोल यांच्या मध्यें उभें राहणें हें त्याचें पहिलें काम. अडाणी बॅक चेंडू दिसला कीं त्यावर झेंप घेतो. शत्रू त्यास चुकवितो, आणि मागें कोणी नसतें. जाणता बॅक आधीं वेळ काढतो. तो समोर उभा राहून दोन पावलें मागें हटतो व शत्रूस मैदानाच्या कडेकडे ढकलीत नेतो. तेथून गोल करणें कठीण असतें, व तेवढ्या अवधींत साथीदार परत येतात. दोन बॅकपैकीं एक चेंडूवर गेला तर दुसऱ्यानें त्याच्या मागें तिरकें उभें राहावें हा नियम कधींही मोडूं नये. ऑफसाइडची रेषाही त्यांनीं मिळून राखावयाची असते. एकजण आळसानें मागें राहिला कीं इतर तिघांची शिस्त फुकट जाते.

या जागेवरील एक नांव आपणां ख्रिस्ती लोकांस ठाऊक असावें. इ. स. १९११ च्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस कलकत्त्यास मोहनबागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकिली. अशी ढाल जिंकणारा तो पहिला हिंदी संघ. त्या अकरांपैकीं दहाजण अनवाणी खेळले. पायांत बूट होते ते केवळ डाव्या बॅकच्या. त्याचें नांव सुधीर चॅटर्जी. तो ख्रिस्ती होता, व पुढें त्यानें धर्मसेवेची दीक्षा घेतली. त्या दिवशीं गोल केले शिबदास भादुरी व अभिलाष घोष यांनीं, आणि लोकांच्या तोंडीं तींच दोन नांवें अधिक. परंतु पलटणीच्या बूटधारी गड्यांचा मारा पाठीशीं झेलणारे दोन बॅक, सुधीर चॅटर्जी व भूति सुकुल, आणि गोलांतील हिरालाल मुखर्जी हे आपापल्या जागीं नसते, तर दोन गोलांचें मोल काय राहिलें असतें?

हाफ म्हणजे मधला माणूस. त्याचें काम सर्वांत अधिक धांवण्याचें व सर्वांत कमी दिसण्याचें. बॅककडून चेंडू घेऊन फॉरवर्डला द्यावयाचा, आणि चेंडू गेला कीं पुन्हां मागें येऊन बॅकपुढें आडोसा धरावयाचा. चेंडू येण्यापूर्वींच तो कोणास द्यावयाचा हें त्यानें मान वळवून पाहून ठेविलेलें असावें; चेंडू पायाशीं आल्यावर जो विचार करूं लागतो तो हाफ नव्हे. इ. स. १९२५ मध्यें ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वीं फॉरवर्डच्या पुढें शत्रूचे तीन गडी असावे लागत, ते दोनच पुरेत असें ठरलें. फॉरवर्ड मोकाट सुटले, गोल वाढले, आणि मधल्या हाफला मागें ओढून तिसरा बॅक करावें लागलें. त्याचा पुढें जाण्याचा मान गेला, आणि संघ वांचला. इ. स. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा पहिला कर्णधार तालिमेरेन आओ हा मधल्या फळीचाच गडी होता. तो नागा प्रदेशांतील एका पाळकाचा मुलगा व पुढें डॉक्टर. आणि गोव्याच्या कोलवाळ गांवीं जन्मून मुंबईच्या मैदानांवर वाढलेले फोर्तुनातो फ्रांको हे इ. स. १९६२ मध्यें जकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे हाफ होते. त्या पदकाची गोष्ट निघाली कीं गोल करणारांचीं नांवें सर्वांस आठवतात. फ्रांकोंचें नांव आठवून सांगावें लागतें. हाफचें भाग्य असेंच असतें.

आतां फॉरवर्ड, म्हणजे आमच्या आठ हात वर करणारांची जागा. बगलेच्या फॉरवर्डनें मैदानाच्या कडेस राहून शत्रूची फळी ताणावी, वेगानें पुढें जावें व चेंडू मध्यें द्यावा. सर्वच मध्यें गर्दी करूं लागले तर शत्रूला राखणें सोपें जातें. मधल्या फॉरवर्डनें गोल करावा हें खरें; परंतु पुष्कळदां त्यानें आपल्या अंगावर दोन बॅक ओढून घेऊन दुसऱ्यास जागा मोकळी करून द्यावयाची असते. चेंडू हातचा गेला कीं पहिला रक्षक तोच. जेथें चेंडू गमावला तेथेंच त्यानें शत्रूस पांच पावलें अडविलें, तर मागील दहाजणांस श्वास घेतां येतो. कंबरेवर हात ठेवून उभा राहणारा फॉरवर्ड स्वतःच्या संघांतील एक माणूस कमी करितो.

या जागेवर आपल्या समाजाचें सर्वांत मोठें नांव नेव्हिल डिसूझा यांचें. मूळचे गोव्याचे, खेळले मुंबईंत. इ. स. १९५६ च्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेस मेलबर्न ऑलिंपिकमध्यें भारतानें यजमान ऑस्ट्रेलियाचा चार विरुद्ध दोन असा पराभव केला. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिकमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेंत चौथा आला. त्या संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते. मधला फॉरवर्ड जरा मागें ठेवून शत्रूचे बॅक पुढें ओढावयाचे व त्यांच्या पाठीमागें जागा करावयाची, ही युक्ति ते योजीत. म्हणजे नेव्हिलला जी वाट मिळाली ती कोणीतरी आपली पुढची जागा सोडून मागें उभा राहिल्यामुळें मिळाली.

येथें कोणी विचारील, 'फादर, मग आपली जागा कधींच सोडूं नये काय?' सोडावी, परंतु संघासाठीं, आणि मागें कोण उभा राहील हें पाहून. इ. स. १९६२ च्या त्याच जकार्ता स्पर्धेंत बॅक जर्नेलसिंग यांच्या डोक्यास दुखापत होऊन टांके पडले. बॅकला चेंडू वारंवार डोक्यानें मारावा लागतो, म्हणून रहीमसाहेबांनीं त्यांस मधल्या फॉरवर्डच्या जागीं उभें केलें. अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी यांनीं एक गोल केला व दुसरा जर्नेलसिंग यांनीं. भारत दोन विरुद्ध एक असा जिंकला. जागा बदलली ती शिक्षकांच्या आज्ञेनें, आणि मागची फळी दुसऱ्यांनीं सांभाळली म्हणून.

आतां एक गोष्ट आमची स्वतःची. ती सांगण्यास तीस वर्षें लागलीं.

सेमिनरींत असतां आम्ही डाव्या बॅकला खेळत होतों. एका सामन्यांत बरोबरी असतां अखेरच्या क्षणीं आम्हांस पुढें मोकळें मैदान दिसलें. गोल करावा, लोकांनीं पाहावें, असा मोह झाला. मागें कोण आहे हें न पाहतां आम्ही चेंडू घेऊन धांवत सुटलों. चेंडू गेला, आमच्या रिकाम्या जागेंतून शत्रू आला, आणि गोल झाला. आमचा गोलकीपर एक शांत स्वभावाचा सहाध्यायी होता. रात्रीं जेवणाच्या वेळीं सर्वांनीं त्यास टोमणे मारिले. आम्ही त्याच टेबलाशीं बसलों होतों. 'जागा आमची रिकामी होती' हे चार शब्द बोलावयाचे होते. आम्ही बोललों नाहीं; पुढें वाढलेली आमटी खात राहिलों. त्यानें एकदां आमच्याकडे पाहिलें व खालीं मान घातली. त्यास सर्व ठाऊक होतें. त्यानेंही सांगितलें नाहीं. काल सायंकाळीं गोलमागील तो आवाज ऐकला आणि तें जेवणाचें टेबल आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें.

काल गोल कसा झाला हें आम्हीं कडेला उभें राहून पाहिलें आहे. चेंडू प्रथम आमच्या फॉरवर्डनें गमावला व तो तेथेंच उभा राहिला. हाफ परत आला नाहीं. एक बॅक चेंडूवर झेंपावला, आणि दुसरा त्याच्या मागें नव्हता. एवढीं चार दारें उघडीं राहिल्यावर पांचवें दार त्या लहान मुलाचें होतें.

बंधूंनो, आपण चाळीसगांवचे लोक, जंक्शनचे रहिवासी. आपल्या पुष्कळ घरांतील वाडवडिलांनीं रेल्वेची चाकरी केली. मुंबईहून भुसावळकडे जाणारी हमरस्त्याची गाडी व येथून धुळ्याकडे फुटणारी शाखा आपण जन्मापासून पाहात आलों. गाडी वेळेवर आली म्हणजे लोक इंजिनाकडे पाहतात. सांधा बरोबर बसला होता म्हणून गाडी रुळावर राहिली, हें कोणी बोलून दाखवीत नाहीं. अखेरच्या डब्यांत उभ्या असलेल्या गार्डास आतां ट्रेन मॅनेजर म्हणतात. नांव बदललें, तरी त्याची जागा गाडीच्या शेपटासच आहे. फॉरवर्ड म्हणजे इंजिन, हाफ म्हणजे सांधेवाला, आणि गोलकीपर म्हणजे तो शेवटला माणूस. आपल्या धर्मग्रामांतही असेंच आहे. ज्युबिलीच्या व्यासपीठावर आम्ही हार घालून बसलों. पहांटे घंटा वाजविणारा, वेदीवरील फुलें बदलणारी, आजाऱ्याच्या घरीं कोणास न सांगतां पेज घेऊन जाणारी बाई, हीं सतरंजीच्याही मागें उभीं आहेत. मुलें शिकून पुण्या-मुंबईस जातात, तें योग्यच आहे. परंतु ज्या जागा रिकाम्या होतात त्या कोणी धरावयाच्या, याचा विचार या वर्षीं व्हावा. संत पौलानें शरीर व त्याचे अवयव यांची जी शिकवण दिली, ती मैदानावर आम्हांस जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कोठें दिसते.

आतां बक्षिसें वांटावयाचीं आहेत. जिंकलेल्या संघास ढाल मिळेल व सर्वांत अधिक गोल करणारास चषक मिळेल, तें न्याय्य आहे. परंतु त्याआधीं कालच्या आमच्या गोलकीपरनें येथें वर यावें अशी आमची इच्छा आहे. आज सकाळीं मिस्सा संपल्यावर आम्ही त्याच्या घरीं गेलों, आणि त्याच्या आईनें त्यास येथें पाठविलें आहे. तो त्या खांबाजवळ उभा आहे. बाळ, ये. तुझ्या चार अडविलेल्या चेंडूंबद्दल तुझा हात आम्हांस हातांत घ्यावयाचा आहे. आणि काल ज्या दहाजणांच्या जागा रिकाम्या पडल्या, त्यांनींही एकेक करून वर यावें व त्याशीं हात मिळवावा. जे गोलच्या मागें उभे होते त्यांस आम्ही नांवानें हांक मारीत नाहीं. त्यांस वाट ठाऊक आहे.

पुढच्या सामन्याच्या वेळीं 'गोलमध्यें कोण?' असें आम्ही पुन्हां विचारूं. त्या वेळीं एक तरी हात आपण होऊन वर येईल, अशी आमची आशा आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस आपापली जागा ओळखण्याची बुद्धि व ती राखण्याचें बळ देवो.